चष्मा उचलला, एवढंच

गाडी उलटली तेव्हा डॉक्टर नीला शेंगा सोलत होती. ओंजळभर दाणे जमले होते, आता सगळे एकदम तोंडात टाकायचे असा बेत होता, आणि तेवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या वळणावर एक छोटी पांढरी गाडी उजव्या अंगावर कलली, कललेलीच थोडी घसरत गेली आणि एक कोलांटी घेऊन परत चाकांवर येऊन बसली. आवाज म्हणावा तसा झालाच नाही. भोंग्यावर लागलेलं गाणं चालूच होतं. नीलाला वाटलं, उलटी होऊन सुलटी झाली, म्हणजे झालं की काहीच नाही. मग गाडीचा दरवाजा उघडला, आतून लाल हेल्मेट घातलेलं कुणीतरी बाहेर यायला लागलं आणि अर्ध्यातच जमिनीवर आडवं झालं. दाणे कुठे सांडले ते नीलाला कधीच आठवलं नाही. पिशवी खांद्याला मारून ती धावत सुटली. चाळिशी ओलांडलेली, जरा अंगानं भरलेली, सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घातलेली बाई त्या भुसभुशीत मातीतून धावताना कशी दिसत असेल याचा विचार तिच्या मनात आलाच. धावतानासुद्धा माणसाला आपण कसे दिसतो याची काळजी असते.

गुडगावला आज जे काही आहे ते सगळं त्या वर्षांत अजून व्हायचं होतं. सेक्टरांना नंबर पडले होते, पण घरं नव्हती. खांब उभे होते, तारा नव्हत्या. बाभळींच्या रानात मोठमोठे फलक लावले होते आणि त्यांच्यावर कारंजी, टेनिस खेळणाऱ्या बायका आणि परदेशी दिसणारी सोनेरी मुलं रंगवलेली होती. अशाच एका सपाट केलेल्या, अजून न विकल्या गेलेल्या जमिनीवर दिल्लीतला एक मोटार क्लब थंडीच्या रविवारी शर्यती भरवायचा. एकेक गाडी सोडायची, चुन्यानं आखलेल्या वाटेवरून तिनं धूळ उडवत वळणं घ्यायची आणि घड्याळाशी झुंजायचं. ज्यांच्या वडिलांनी एका फियाटवर आयुष्य काढलं, ती मुलं आता बँकेचं कर्ज काढून नवी कोरी गाडी घ्यायची आणि रविवारी तिला मातीत लोळवायची. नीलाला ते आधी फार चमत्कारिक वाटलं होतं. क्लबचा नियम मात्र सरळ होता: डॉक्टर आणि अँब्युलन्स जागेवर असल्याशिवाय एकही गाडी सुटणार नाही. डॉक्टरनं हात वर केला की हिरवा झेंडा. नीला एका सरकारी इस्पितळात भूल द्यायची, आठवडाभर हिरव्या कपड्यांत आणि बंद खोल्यांत असायची. रविवारी उन्हात खुर्ची टाकून बसायचं आणि काही होऊ नये म्हणून बसायचं, हे तिला आवडून गेलं होतं. संध्याकाळी आर. के. पुरमला घरी परतताना, आजही काहीच झालं नाही, या एवढ्याशा गोष्टीचा केवढा आनंद व्हायचा. नवरा चेष्टा करायचा, "काय, आजही बेकार?" ती म्हणायची, "देवाच्या कृपेनं."

ती पोचली तेव्हा चारपाच लोक आधीच जमले होते आणि दोघांनी त्या पडलेल्या मुलीच्या काखेत हात घातले होते. मायेनंच. पडलेल्या माणसाला उठवून बसवायचं, पाणी पाजायचं, वारा घालायचा, ही आपल्याकडची माया. एकानं पाण्याची बाटली उघडलीसुद्धा होती. नीलाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं ऑपरेशन थिएटरमध्येही कधी काढला नव्हता. "कोई हाथ नहीं लगाएगा. पीछे." माणसं चटका बसल्यासारखी मागे झाली. ती मुलीच्या डोक्यामागे मातीत गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी तिनं ते लाल हेल्मेट धरलं. बोटं जबड्याखाली, कोपर आपल्या मांड्यांवर. झालं. आता मानेला पट्टा बसेपर्यंत आणि फळी येईपर्यंत हे डोकं तिचं होतं.

हा नियम तीच सगळ्यांना शिकवायची. अँब्युलन्सवरच्या शंकरला, झेंडेवाल्या पोरांना, क्लबच्या लोकांना बसवून तिनं किती वेळा सांगितलं होतं: मानेचा संशय असेल तर पहिला जो पोचेल त्यानं डोकं धरायचं, नाक आणि बेंबी एका रेषेत. आणि ज्यानं डोकं धरलं त्यानं सोडायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. उचलताना एक-दोन-तीन तोच म्हणणार, बाकीचे त्याचं ऐकणार. शिकवताना शंकर आडवा व्हायचा, ती दोन मिनिटं त्याचं डोकं धरायची, सगळे हसायचे, चहा यायचा. खरं डोकं तिनं आजवर कधी धरलंच नव्हतं. ते काम नेहमी दुसऱ्या कुणाचं. ती आपली उभी राहून हुकूम सोडणार. आज शंकर, फळी आणि पट्टा तिघंही मैदानाच्या त्या टोकाला अँब्युलन्समध्ये होते, आणि गाड्यांची शर्यत बघायला आलेल्या लोकांनी आपापल्या गाड्या नेमक्या अँब्युलन्सच्या वाटेत लावून ठेवल्या होत्या. झेंडेवाल्याच्या हातातला वायरलेस खरखरत सांगत होता, "निकल रही है, बस पाँच मिनट." दिल्लीतली पाच मिनिटं कशी असतात ते नीलाला ठाऊक होतं.

हेल्मेटची काच वर सरकवलेली होती. आत दोन डोळे, घामानं चिकटलेले केस, ओठावर धूळ. "नाम क्या है बेटा?" "निधी." "गर्दन हिलाना नहीं, निधी. मुझे देखती रहो." "आंटी, गाडी पापा की है," निधी म्हणाली. "उनको पता नहीं है." तेवीस-चोवीसची असेल. इथेच जवळ नव्यानं उघडलेल्या कुठल्याशा काचेच्या ऑफिसात नोकरीला, तिनंच तुटक तुटक सांगितलं. पहिलीच शर्यत. डोळ्यांत ऊन जात होतं म्हणून ती ते मिटत होती, आणि मिटले की नीला तिला नावानं हाक मारत होती. मग नीला थोडी पुढे वाकली, आपल्या डोक्याची सावली तिच्या चेहऱ्यावर पाडली. निधीनं डोळे उघडले. नीलाच्या कमरेत कळ आली. सरळ बसलं तर कंबर बरी राहत होती, पण ऊन तिच्या डोळ्यांत. वाकलं तर तिला सावली. नीला वाकूनच राहिली. आणि त्या क्षणी तिला हेरंबचं बोलणं आठवलं, इतकं लख्ख, की जणू कानाशी कुणी बोललं.

हेरंब म्हणजे तिचा नवरा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. रिंग रोडवर मोतीबागेच्या अलीकडे त्याची स्कूटर सांडलेल्या तेलावरून घसरली होती. सकाळची ऑफिसची वेळ. मानेच्या वरच्या मणक्याला तडा गेला होता. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी नीलाला बाजूला घेऊन सांगितलं, तू डॉक्टर आहेस म्हणून सांगतो, कुणीतरी याचं डोकं अँब्युलन्स येईपर्यंत धरून ठेवलं होतं. अँब्युलन्सवाला सांगत होता, सोडायलाच तयार नव्हतं. धरलं नसतं आणि लोकांनी उठवून रिक्षात घातला असता, तर हा आज नुसते डोळे हलवू शकला असता. नीला तेव्हा भूलशास्त्र शिकत होती. मणक्यातून जाणारी ती करंगळीएवढी दोरी कशी असते ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणूनच तिला रात्ररात्र झोप यायची नाही. हेरंबला मात्र त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. कानांवर दोन हात. आणि सावली. "ऊन होतं गं," तो म्हणायचा, "आणि कुणीतरी माझ्या तोंडावर सावली धरली होती." तेवढंच. डोक्यामागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतच नाही. आता निधीलाही तो दिसत असेल तर उलटा, हनुवटी वर आणि डोळे खाली.

डोकं धरणारा तो माणूस सापडला असं दोघांना वाटलं, कारण तो स्वतःच दाराशी आला होता. तात्याराव. पहाडगंजला मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत राहणारा, एका सरकारी खात्यातला कारकून, कृश, अंगात बंद गळ्याचा कोट. अपघाताच्या दिवशी हेरंबच्या खिशातल्या ओळखपत्रावरचा पत्ता वाचून तो आर. के. पुरमला आला, दाराची कडी वाजवली आणि नीलाच्या हातात हेरंबचा एक काच फुटलेला चष्मा आणि चेमटलेला जेवणाचा डबा ठेवला. "घाबरू नका वहिनी, शुद्धीवर आहेत," म्हणाला. दिल्लीसारख्या परक्या शहरात, त्या घडीला, दारात उभा राहून कुणी मराठीत 'घाबरू नका' म्हणतो, याचं मोल काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. नीला तिथंच उंबऱ्यात बसली होती. आणि मग जे झालं ते आपोआप झालं. मराठी माणूस, अपघाताच्या जागी होता, चष्मा घेऊन आला. म्हणजे ज्यानं डोकं धरलं तो हाच. कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात?

तेव्हापासून दर दिवाळीला ती दोघं फराळाचा डबा घेऊन पहाडगंजला जात आली होती. आणि दर दिवाळीला तात्याराव डबा हातात धरून अवघडल्यासारखे उभे राहत आणि म्हणत, "अहो, मी काही केलं नाही हो. मी नुसता चष्मा उचलला." हेरंब हसायचा. नीला हसायची. तात्यारावांची बायको कुसुमावतीबाई आतून चहा आणता आणता म्हणायच्या, "यांचं हे असंच." परत येताना रिक्षात हेरंब म्हणायचा, "बघ, खरा मोठा माणूस कसा असतो. जीव वाचवला आणि म्हणतो चष्मा उचलला." आपल्या लोकांचा हा गुणच आहे. कुणी आभार मानले की छे छे म्हणायचं, कुणी छे छे म्हटलं की ते विनयानं म्हटलंय असं समजायचं. त्यामुळे आपल्यात एखाद्यानं खरं सांगितलं तर ते ऐकू जायची सोयच राहिलेली नाही. एकदा तर तात्याराव जरा चिडूनच म्हणाले होते, "वहिनी, मी शपथेवर सांगतो." त्या वर्षी नीलानं डब्यात चार लाडू जास्त घातले होते.

"मैडम, ये जूती." नीलानं डोळे वर केले. सफारी सूट घातलेला एक जाडासा माणूस समोर उभा होता. प्लॉट दाखवायला गिऱ्हाइकं घेऊन आला असावा, बगलेत नकाशाची गुंडाळी होती. त्याच्या एका हातात निधीची कापडी चप्पल, दुसऱ्या हातात तिचं तुटलेलं घड्याळ. या वस्तूंचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. खाली ठेवाव्यात तर धूळ. "अपने पास रखिए भाईसाहब," नीला म्हणाली, "बाद में दीजिएगा." तो मान हलवून उभा राहिला, दोन्ही हात पुढे धरून, देवळात नैवेद्य घेऊन उभं राहावं तसा. नीला त्याच्याकडे बघत होती. तिचे दोन हात हेल्मेटवर होते. अंगठे बधिर झाले होते. घामाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता आणि तो पुसायला तिच्याकडे हात नव्हता. हात नव्हता. हे तिला कळलं आणि तिच्या अंगावर काटा आला. ज्यानं डोकं धरलंय त्याला चष्मा उचलता येत नाही. त्याला खिशातलं ओळखपत्र काढता येत नाही, डबा शोधता येत नाही. तात्याराव खरं बोलत होते. दर दिवाळीला, स्वच्छ मराठीत, खरं बोलत होते.

तिला हसू आलं. इतकी वर्षं ती एका माणसाचे आभार मानत होती, आणि ते होते दोघं. तो दुसरा कोण? त्याला तिनं मनात फार मोठा करून ठेवला होता, शांत, सगळं जाणणारा, देवासारखा. आता तिला कळत होतं की त्याचेही गुडघे खड्यांवर टेकले असणार, त्याच्याही पायाला मुंग्या आल्या असणार, बस चुकली म्हणून साहेब काय म्हणेल हेही मनात आलं असणार. सावली द्यायची म्हणून तो वाकला, म्हणजे कंबर मोडत होती तरी वाकला. नीलाला ती कंबर आपल्या कमरेत जाणवत होती. कुठे असशील बाबा तू, ती मनात म्हणाली. आजवर एक लाडूसुद्धा नाही दिला तुला.

पण हे सगळं मनात चाललं असताना एक प्रश्न ती टाळत होती, आणि आपण तो टाळतोय हेही तिला कळत होतं. डॉक्टरनं हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. तिनं नाव विचारलं, ऑफिस विचारलं, वडिलांचा राग कसा असतो ते विचारलं. चप्पल निघालेला तो पाय तिला समोर दिसत होता, अनवाणी, नखांना जांभळा रंग लावलेला. मघापासून तो एकदाही हलला नव्हता. विचारलं आणि हलला नाही तर? जोवर विचारलं नाही तोवर ही मुलगी चालणारी होती. हाडांच्या डॉक्टरांनी हेरंबच्या पायाशी उभं राहून हाच प्रश्न विचारला होता तेव्हा नीला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. आज तोंड फिरवायची सोय नव्हती. मान निधीची धरली होती, पण हलता येत नव्हतं नीलाला. तिनं श्वास घेतला. "निधी, गर्दन हिलाए बिना, दाहिने पैर की उँगलियाँ हिलाओ तो." काही नाही. सफारी सूटवालाही त्या पायाकडे बघायला लागला. भोंग्यावरचं गाणं कुणीतरी बंद केलं होतं. "कोशिश कर रही हूँ," निधी म्हणाली. मग आधी अंगठा हलला, जरासा, उगाच हलल्यासारखा. मग सगळी जांभळी नखं हलली. "हिल रही हैं," सफारी सूटवाला म्हणाला, "मैडम, हिल रही हैं." त्याचे डोळे भरले होते. नीलाचेही भरले, आणि पुसायला हात नव्हता म्हणून ते तसेच निधीच्या हेल्मेटवर गळले.

शंकर फळी घेऊन आला. नीलानं त्याला पट्टा कसा लावायचा ते सांगितलं, आणि एक-दोन-तीन तिनं म्हटलं. निधी फळीवर गेली, कपाळावरून पट्टी बांधली, उशा लागल्या, तेव्हा कुठे शंकर म्हणाला, "मैडम, अब छोड़ दीजिए." तिनं सोडलं. हात मात्र हेल्मेट धरल्यासारखेच राहिले. उठायला गेली तर पाय उठेनात. सफारी सूटवाल्यानं चप्पल आणि घड्याळ एका हातात घेतलं, दुसरा हात तिला दिला आणि ओढून उभं केलं. त्यानं त्या दोन्ही वस्तू अँब्युलन्समध्ये निधीच्या पायाशी नीट ठेवल्या. नीला दार लावून आत बसली, तेव्हा तो धुळीत हात जोडून उभा होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. इस्पितळात फोटो काढले; मणक्याला चीर होती, दोरी शाबूत होती. पापा आले, आधी रडले, मग गाडीबद्दल ओरडले. नीलाला ते ओरडणं फार गोड वाटलं.

घरी पोचली तेव्हा हेरंब खुर्चीत पेपर वाचत होता. "काय, आजही बेकार?" म्हणून तो वळला. त्याची मान काही पुरती वळत नसे. मागे बघायचं तर खांद्यांसकट सगळा माणूस वळायचा. स्कूटर तर सुटलीच, पण रस्ता ओलांडताना, गर्दीत, सिनेमाला, त्या वळण्याचा नीलाला कितीदा वैताग यायचा. आज ती दारातच उभी राहून त्याचं ते वळणं बघत राहिली. मग जवळ जाऊन तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "अगं, हात तरी धू," तो म्हणाला. चहाचा कप तिला धरता येईना म्हणून त्यानंच तो तिच्या ओठांना लावला, आणि घोट घेता घेता तिनं सगळं सांगितलं. सफारी सूटवाल्याच्या हातातल्या चपलेपाशी ती आल्यावर त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तात्याराव..." "खरं सांगत होते," नीला म्हणाली. "आपणच मेले शहाणे."

दिवाळीला डबा घेऊन ती दोघं पहाडगंजला गेली. गल्लीत रंगीत बल्बांच्या माळा लागल्या होत्या, एका नव्या हॉटेलाचं बांधकाम चाललं होतं. तात्याराव आता निवृत्त झाले होते, कोट तोच होता. त्यांनी डबा हातात घेतला आणि नेहमीसारखे अवघडून म्हणाले, "अहो, मी काही केलं नाही हो. मी नुसता चष्मा उचलला." कुणी हसलं नाही. "माहीत आहे," नीला म्हणाली. "चष्म्याबद्दलच आणलाय हा डबा. त्या दिवशी दारात येऊन 'घाबरू नका' म्हणालात, त्याबद्दल." तात्याराव तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले. त्या घरात त्यांना असं बसलेलं नीलानं कधी पाहिलं नव्हतं. "सुटलो बुवा," ते म्हणाले. कुसुमावतीबाई दारात चहाचा ट्रे धरून थांबल्या.

"डोकं कुणी धरलं होतं, तात्याराव?" हेरंबनं विचारलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"एक बाई होती," तात्याराव म्हणाले. "बसस्टॉपवरची. कुठल्यातरी कचेरीत जाणारी असावी, नाहीतर नर्स असेल. निळा स्वेटर होता. मी तुम्हाला उठवायला वाकलो तर माझ्यावर अशी खेकसली की बोलू नका. म्हणाली, हाथ मत लगाना, वो चश्मा उठाओ, कोई कुचल देगा. म्हणून मी चष्मा उचलला. खिशात पत्ता बघ म्हणून तिनंच सांगितलं. अँब्युलन्स गेली तेव्हा ती तशीच रस्त्यावर बसून होती. तिला उठताच येईना. मी हात धरून उभं केलं. पाय झटकले, मला थँक्यू म्हणाली, आणि बस आली तशी चढून गेली. मलाच थँक्यू."

नीला आपल्या हातांकडे बघत होती. त्या बाईला कुणीतरी हात दिला होता. रस्त्यावर, गर्दीत, तिला एकटीला उठावं लागलं नव्हतं. हे ऐकून नीलाला इतकं बरं वाटलं, की जणू त्या दिवशीचा आपलाच एखादा दुखरा सांधा आज मोकळा झाला. तिनं डबा उघडला, त्यातला एक रव्याचा लाडू काढून तात्यारावांच्या हातात ठेवला, आणि मग आणखी एक काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"हा तिचा," ती म्हणाली. "तिचा पत्ता नाही, तेव्हा तुम्हीच खा."

तात्यारावांनी या वेळी छे छे म्हटलं नाही. हेरंब खांद्यांसकट वळून त्यांच्याकडे बघत होता, आणि ते सावकाश, एकेक करून, दोन्ही लाडू खात होते.